पाणलोटाची रेघ

जुलै उजाडला की मुंबईच्या वर्तमानपत्रांत एक छोटी चौकट हमखास येते. सात तलावांची नावे, प्रत्येकासमोर काठोकाठ भरल्यावरची पातळी आणि शेजारी आजची पातळी. त्यात तुळशीसमोर 139.17 मीटर आणि विहारसमोर 80.12 मीटर असे आकडे असतात. वाचणाऱ्याची नजर टक्केवारीवर जाते आणि पाणीकपात टळली की नाही एवढे पाहून पान उलटले जाते. हे मीटर कुठून मोजले, असा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. पडला तरी ते समुद्रसपाटीपासून मोजले असतील, असे आपण गृहीत धरतो, आणि इथेच चूक होते. मुंबई महापालिकेचा उंची मोजण्याचा स्वतःचा एक शून्य आहे. त्याला टाउन हॉल डेटम म्हणतात. फोर्टात 1833 साली बांधून पुरा झालेला टाउन हॉल, म्हणजे आपल्या ओळखीची एशियाटिक सोसायटीची दगडी इमारत, हा त्याचा आधार. हा शून्य समुद्राच्या सरासरी पातळीच्याही वीसहून अधिक मीटर खाली कल्पिलेला आहे. त्यातली सोय उघड आहे. सखल बेटावरच्या गटारांचे तळ आणि इमारतींचे पाये मोजताना उणे आकडे लिहावे लागत नाहीत. कांदिवली स्टेशनपासून तुळशी तलाव सरळ रेषेत सहा-सात किलोमीटरांवर आहे. फोर्ट त्याच्या कितीतरी पट लांब. तरीही डोंगरातल्या या तलावाची उंची आजही फोर्टातल्या इमारतीच्या हिशेबाने सांगितली जाते. कारकुनी सवय म्हणून हे सोडून देता येईल, पण कांदिवलीच्या पूर्वेला दिसणाऱ्या रानाचा इतिहास याच आकड्यापासून सुरू होतो, असे माझे म्हणणे आहे.

जगात इतरत्र डोंगरातल्या तळ्याचा नकाशा होतो तेव्हा तळे आधीपासून तिथे असते. मोजणीदार नंतर येतो, काठाकाठाने फिरतो, भोवतालची झाडी आणि शिखरे टिपतो आणि निसर्गाने केलेले कागदावर उतरवतो. साष्टीच्या, म्हणजे मुंबई बेटाच्या उत्तरेकडच्या मोठ्या बेटाच्या, डोंगरात हा क्रम उलटा झाला. 1850 साली इथे विहार नव्हता आणि तुळशीही नव्हता. होत्या त्या दऱ्या, ओढे, भाताची खाचरे आणि त्या नावांची गावे. आधी उंचीची मोजणी झाली, मोजणीवरून कागदावर एक रेघ आली आणि मग पाणी त्या रेघेपर्यंत येऊन उभे राहिले. सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेघेला आपण समोच्चरेषा म्हणतो, अभियंते नुसते कंटूर म्हणतात. 1774 साली स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन डोंगरावर नेव्हिल मॅस्केलाइन पृथ्वीचे वजन काढण्यासाठी मापे घेत होता. त्या मापांच्या ढिगातून अर्थ काढताना चार्ल्स हटन या गणितज्ञाने सारख्या उंचीचे बिंदू जोडले आणि डोंगराचा आकार एकदम डोळ्यांसमोर आला, ही गोष्ट नकाशाशास्त्राच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. स्थिर पाण्याचा काठ म्हणजे निसर्गाने स्वतः आखलेली समोच्चरेषा. विहार आणि तुळशीच्या बाबतीत ती आधी माणसाने आखली, एवढाच फरक. पण काठाच्या या रेघेबरोबर आणखी एक रेघ आखावी लागते आणि ती काठापासून बरीच वर, डोंगराच्या दांडावरून जाते. दांडाच्या अलीकडे पडलेला थेंब तलावात येतो, पलीकडे पडलेला दुसरीकडे जातो. ही पाणलोटाची रेघ. कांदिवली, बोरिवली, मालाड, मुलुंड यांच्या मधोमध आज जे रान उभे आहे ते का उरले, याचा उलगडा या दुसऱ्या रेघेने जितका होतो तितका दुसऱ्या कशानेही होत नाही.

हे पटण्यासाठी त्याआधीचे नकाशे कसे होते ते पाहावे लागेल. साष्टी पोर्तुगिजांकडून मराठ्यांकडे आली 1737 साली. इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला 1774 च्या डिसेंबरात आणि 1782 च्या सालबाईच्या तहाने त्यावर शिक्का बसला. यानंतर मुंबई बेटाचे नकाशे एकामागून एक झाले. 1812 ते 1816 मध्ये डिकिन्सनचा, 1827 साली टेटचा, पुढे 1865 ते 1872 मध्ये लॉटनचा. लॉटनच्या नकाशात तर गल्लीबोळ आणि विहिरीसुद्धा सापडतात. पण हे सगळे नकाशे माहीम आणि शीवच्या खाडीपाशी संपत. पलीकडची साष्टी सरकारच्या लेखी शेतसाऱ्याचा मुलूख होती आणि शेतसाऱ्याच्या नकाशाची रीत वेगळी. मोजणीची साखळी 33 फुटांची, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. आज कांदिवलीत गुंठ्याचा भाव विचारणाऱ्याच्या तोंडी ती जुनी साखळीच असते. या मोजणीतून गावनकाशे झाले. त्यांत बांध, शीव, वहिवाटीची वाट, तळे, देऊळ सगळे आहे. नाही ती फक्त उंची. त्यात गैर काही नव्हते, कारण सारा क्षेत्रावर आणि जमिनीच्या मगदुरावर ठरतो, शेत समुद्रापासून किती उंच आहे यावर नाही. म्हणून आकुर्ली, पोयसर, मागाठाणे या गावांच्या पश्चिमेकडे नकाशा बारीक बारीक तुकड्यांनी भरलेला असे आणि पूर्वेकडे डोंगर सुरू झाला की त्याचा एक मोठा, जवळजवळ मोकळा तुकडा उरे. साऱ्याच्या नजरेला डोंगर म्हणजे पिकाची गैरहजेरी.

उंचीचा नकाशा करणारे खाते निराळे होते. 1802 साली लॅम्बटनने मद्रासेजवळ पायारेषा मोजून सुरू केलेली त्रिकोणांची साखळी देशभर पसरत गेली आणि तिच्या आधाराने इंचाला मैल या प्रमाणाचे नकाशे होऊ लागले. रानात हे काम कसे चाले ते थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण नकाशा किती खरा हे त्यावर ठरते. हंगाम पावसाळा सरल्यावरचा. जून लागायच्या आत तळ हलवायचा आणि पावसाळाभर कचेरीत बसून आकडे आणि रेघा साफ करायच्या. डोंगरमाथ्यावर खूण उभी करायची, दोन माथे एकमेकांना दिसावेत म्हणून मधली झाडे तोडून डोळ्याला वाट करून द्यायची. निशाणे धरणारे, यंत्राच्या पेट्या वाहणारे, कोयत्याने झाडोरा तोडणारे ते खलाशी. समुद्राशी संबंध नसलेल्या या डोंगरी माणसांना सर्वेक्षण खात्यात तेच नाव रूढ आहे. माथ्यांच्या जागा आणि उंच्या गणिताने पक्क्या होत. मधला उतार मात्र मोजणीदार तिपाईवरच्या फळ्यावर कागद लावून, समोर बघत, हाताने उतरवी. उघड्या माळावर ही रेघ फारशी चुकत नाही. साग, ऐन, बांबू आणि करवंदीच्या जाळ्या माजलेल्या दरीत जमीनच दिसत नाही, दिसतात ते झाडांचे शेंडे. तेव्हा तिथली समोच्चरेषा ही थोडी मोजलेली, थोडी ताडलेली असते. 1905 च्या सुमारास सर्वेक्षण समितीच्या शिफारशींनंतर नकाशे रंगीत झाले, रानाला हिरवा रंग मिळाला, उतारांना तपकिरी रेघा आल्या. कांदिवलीचा भाग ज्या पत्रकात येतो त्याचा क्रमांक 47 ए/16. पुढे दशमान पद्धतीने 1:50,000 हे प्रमाण आले. त्या प्रमाणात भरलेला तुळशी तलाव कागदावर साडेपाच चौरस सेंटिमीटरही भरत नाही, एखाद्या टपाल तिकिटाएवढा. सर्वेक्षण खात्याच्या दृष्टीने ही एका मोठ्या पत्रकाच्या कोपऱ्यातली निळी ठिपकी होती. तिच्याभोवतीच्या डोंगरांचे त्यांना विशेष कौतुक असण्याचे कारण नव्हते. साष्टीतला सर्वांत उंच माथा जांभुळमाळ, तो 468 मीटर. सह्याद्रीच्या मानाने टेंगूळच.

या डोंगरांकडे खरी बारीक नजर वळली ती तहानेमुळे. बेटावरच्या विहिरी आणि टाक्या वाढत्या वस्तीला पुरेनात. 1854 साली पावसाने ओढ दिली तेव्हा बेटावर बाहेरून पाणी आणण्याची पाळी आली. शहराच्या देखभालीचे काम पाहणारा हेन्री कॉनिबेअर हा अभियंता तेव्हा पाण्याच्या योजनेमागे लागला होता. कुलाब्याचे अफगाण चर्च त्याच्याच आराखड्याचे, हा एक योगायोग सांगून पुढे जाऊ. मिठी नदीच्या उगमाकडची दरी, जिला त्या काळच्या कागदांत गोपर म्हटले आहे, ती बांधून काढायची आणि पाणी नळाने शहरात न्यायचे ही ती योजना. काम सुरू झाले 1856 मध्ये आणि 1860 साली विहारचे पाणी शहराला मिळू लागले. भारतातल्या मोठ्या शहरासाठी नळाने पाणी आणण्याच्या पहिल्या मोठ्या योजनांपैकी ही एक. पण योजना कागदावर उभी राहण्याआधी प्रश्न तीनच होते. दरीचे तोंड किती अरुंद आहे, पाणी कुठवर चढेल आणि ते उताराने आपोआप शहरापर्यंत जाईल का. तिन्हींची उत्तरे उंचीत आहेत आणि त्रिकोणमितीच्या नकाशातल्या ताडलेल्या रेघा इथे कामाच्या नाहीत. अर्ध्या फुटाची चूक झाली तर सांडवा चुकतो. म्हणून दुर्बीण आणि फुटाफुटाच्या खुणा असलेली पट्टी घेऊन, पाऊलपाऊल पुढे सरकत, पातळी शहरापासून डोंगरापर्यंत वाहून न्यावी लागते. शून्य शहराचा का, याचे उत्तर इथे मिळते. देशभरच्या भरतीमापक ठाण्यांवरून समुद्राची एक सरासरी पातळी ठरवून सगळ्या उंच्या तिला जोडल्या गेल्या त्या 1909 साली. अपोलो बंदरावर भरतीची नोंद 1878 पासूनची. विहारचे पाणी त्याच्या कितीतरी आधी नळातून धावत होते. तेव्हा पाणी जिथे पोचवायचे तिथूनच मोजणे हाच शहाणपणा होता. डोंगरातल्या तलावाची उंची फोर्टाच्या हिशेबाने मोजली गेली, कारण फोर्टाची तहान नसती तर तो तलावही नसता.

तुळशीची कथा हेच अधिक ठसवते. विहार झाल्यावर दहा-बारा वर्षांत पाणी पुन्हा कमी पडू लागले. 1872 चा मूळ बेत तासो नावाच्या ओढ्याचे पाणी वळवून विहारात आणण्याचा होता. नंतर तो बदलला आणि वरच्या दरीत स्वतंत्र धरण घालून 1879 साली तुळशी तलाव पुरा झाला. खर्च सुमारे 40 लाख रुपये. आकडे पाहा. तुळशीची भरलेली पातळी विहारपेक्षा 59 मीटर वर आहे. एक तलाव दुसऱ्याच्या माथ्यावर ठेवल्यासारखा. तुळशी भरून वाहिला की पाणी विहारात उतरते आणि विहार भरून वाहिला की मिठीत. महापालिकेचा शून्य वजा केला तर विहार समुद्रापासून साधारण साठ मीटरांच्या आतच राहतो आणि इतक्या लांबच्या नळातून घर्षण सोसत आलेले पाणी मलबार हिलच्या माथ्यावर चढायला तो कमी पडतो. तुळशी शंभरावर जातो. त्या टेकडीवरच्या जलाशयाला तुळशीचे पाणी उताराने मिळू शकले ते यामुळेच. त्या जलाशयाच्या डोक्यावर पुढे बाग झाली, तिलाच आपण हँगिंग गार्डन म्हणतो. मलबार हिलवरचा बंगला आणि कांदिवलीमागची दरी यांचे नाते एका पातळीच्या मोजणीने जुळवले. ती मोजणी झाली नसती तर या दरीला शहराच्या लेखी किंमत नव्हती.

आता पाणलोटाच्या रेघेकडे वळू. तुळशीचे पाणलोट क्षेत्र 6.76 चौरस किलोमीटर, विहारचे 18.96. दोन्ही मिळून पावणेसव्वीस चौरस किलोमीटर डोंगर असा ठरला की जिथे पडलेला पाऊस पिण्याचा आहे. पिण्याचे पाणी म्हटले की वर गुरे नकोत, वस्ती नको, शेणखत नको, खाण नको. हे क्षेत्र पालिकेच्या हाती आले आणि तिथली वाढ थांबली. दांडाच्या पश्चिमेला काय झाले? कांदिवलीकडे उतरणारे पाणी पोयसर नदीत जाते आणि नदी शहरातून वाट काढत खाडीला मिळते. हे पाणी कुणाच्या नळात जात नाही. दांडाच्या या बाजूचा पाऊस हिशेबाबाहेरचा राहिला आणि डोंगरही. 1920 च्या दशकात बॅक बे बुजवण्याचे प्रकरण निघाले तेव्हा भरावाचा दगड कांदिवलीच्या डोंगरातून गेला. त्या योजनेतल्या पैशांच्या उधळपट्टीवर 1926 मध्ये चौकशी समिती बसली, तिच्यापुढेही कांदिवलीची खाण आली. डोंगराचे तुकडे आगगाडीने समुद्रात गेले. याच परिसरातल्या उकरलेल्या थरांत आणि ओढ्याच्या गोट्यांत नौदलातला अधिकारी टॉड याला अश्मयुगीन हत्यारे सापडली. 1939 साली त्याने ती प्रसिद्ध केली आणि कांदिवली हे नाव प्रागितिहासाच्या पुस्तकांत गेले. ठाणे जिल्ह्याच्या 1882 च्या गॅझेटिअरने आकुर्लीतल्या एका काळ्या खडकाची, त्यावरच्या चित्रांची आणि पाली अक्षरांची दखल घेतली होती. म्हणजे पश्चिमेचा उतार इतिहासाने मुळीच गरीब नव्हता. तरीही तो खणला गेला, पुढे त्यावर वस्त्या आणि मनोरे चढले. एकच डोंगर, एकच काळा दगड, एकच पाऊस. एका बाजूला रान आणि दुसऱ्या बाजूला खाण, यांमधला फरक पाणी कुठे वाहते एवढाच.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. रान वाचवले ते वनखात्याने आणि राष्ट्रीय उद्यानाच्या कायद्याने, नळाच्या अभियंत्यांनी नव्हे. उद्यान झाले हे खरेच. स्वातंत्र्याआधी कृष्णगिरी या नावाने वीसेक चौरस किलोमीटरचे उद्यान होते, 1950 मध्ये मुंबई प्रांताचा राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला, पुढे बोरिवली राष्ट्रीय उद्यान झाले, 1996 साली त्याला संजय गांधींचे नाव मिळाले आणि क्षेत्र वाढत वाढत 103 चौरस किलोमीटरांवर गेले. पण कायदा येतो तेव्हा राखण्याजोगे काहीतरी उरलेले असावे लागते. उद्यान वाढले ते तुळशी आणि विहारची पाणलोट क्षेत्रे पोटात घेऊन. त्या क्षेत्रांवर तोवर सत्तर-नव्वद वर्षे पाण्याचा पहारा झालेला होता. वनखात्याने तयार गाभा घेतला आणि त्याभोवती हद्द वाढवली. आरेच्या दुग्धवसाहतीचा भाग 1969 नंतर त्यात आला, पश्चिमेचे उतार आले, आणि अतिक्रमणाचे खटले झाले ते प्रामुख्याने या नंतर जोडलेल्या कडांवर. उच्च न्यायालयाने 1997 मध्ये झोपड्या हटवण्याचा आदेश दिला तेव्हा वाद कांदिवली, मालाड, मुलुंडच्या किनारीचा होता. तुळशीच्या काठावर तो नव्हता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आतल्या दऱ्या दुर्गम होत्या, चढ उभे होते, म्हणून त्या आपोआप वाचल्या. नकाशाला उगाच श्रेय कशाला? याचे उत्तर पवई देते. विहारच्या दक्षिणेला, त्याच डोंगरांच्या पायथ्याशी, 1890 च्या सुमारास पवईचा तलाव बांधला गेला. त्याचे पाणलोट क्षेत्र 6.61 चौरस किलोमीटर, तुळशीच्या जवळजवळ बरोबरीचे. रेघ इथेही आखली होती. पण पाणी पिण्यालायक ठरले नाही आणि तानसाचे पाणी 1892 साली आल्यावर शहराला त्याची गरजही उरली नाही. मग ती रेघ कागदावर असून नसल्यासारखी झाली. 1958 मध्ये तिथे आयआयटी आली, नंतर दगडाच्या खाणींच्या जागी मनोऱ्यांचे नगर उभे राहिले. आज पवईच्या काठावर रान शोधावे लागते. पवई तुळशीपेक्षा सखल आहे, रस्त्याला जवळ आहे, हे मान्य. पण विहारही मुंबईकडून फार दुर्गम नाही. त्याची दक्षिण बाजू पवईला लागूनच आहे आणि तरी त्याचा काठ झाडीचा राहिला. शेजारशेजारच्या दोन तलावांत फरक एवढाच की एकाचे पाणी अजून नळात जाते. चढाने थोडी मदत केली असेल, पण राखण केली ती नळाने.

तिसरा आक्षेप याच डोंगरातल्या कान्हेरी लेण्यांच्या बाजूने येतो. हा डोंगर इंग्रजांनी शोधला असे म्हणणे हास्यास्पद आहे. शंभरावर लेणी, जवळजवळ प्रत्येकीला कोरीव टाके, वरच्या उघड्या खडकावरून पाणी वळवून आणणाऱ्या पन्हाळी. शिलालेखांत या टाक्यांना पोढी म्हटले आहे आणि ती दान देणाऱ्या व्यापाऱ्यांची नावे कोरली आहेत. यज्ञश्री सातकर्णीच्या काळातल्या एका लेखात कल्याणच्या एका उपासकाने लेण्याबरोबर मंगलथान गावातले शेत दिल्याची नोंद आहे. मंगलथान म्हणजे मागाठाणे, कांदिवलीच्या हाकेच्या अंतरावरचे. कोणत्या गावातले शेत डोंगरावरच्या कोणत्या विहाराला लागू, हे दगडावर लिहून ठेवणारे लोक जमिनीची जाण नसलेले नव्हते. पण भिक्षूची पोढी आणि शहराचा तलाव यांना लागणारे ज्ञान वेगळे असते. टाक्याला माथ्यावरचा एक खडक पुरतो, डोळ्याने दिसेल तेवढा उतार पुरतो. तलावाला संपूर्ण दरीचा हिशेब लागतो आणि दरी एका नजरेत दिसत नाही, ती मोजूनच कळते. कान्हेरीच्या माणसांनी रानाशी जुळवून घेतले आणि रान जसे होते तसे राहिले. शहराने त्याच रानाचा एक तुकडा रेघेने बांधून घेतला. म्हणून रेघेच्या आतल्या आणि बाहेरच्या भागांचे नशीब वेगवेगळे झाले.

शेवटचा आक्षेप मात्र खोडून काढता येत नाही आणि काढूही नये. पाणलोटाची रेघ आखताना आत कोण राहते हे विचारले गेले नाही. तुळशी आणि विहार ही गावांची नावे तलावांना राहिली, गावे गेली. वारली आणि इतर आदिवासींचे पाडे, नवापाडा, चिंचपाडा, तुमणीपाडा, यांची माणसे पिढ्यान्‌पिढ्या रानात असूनही सरकारी कागदात उपरी ठरली, कारण ज्या नकाशाने डोंगर मोजला त्याचे लक्ष पाण्यावर होते आणि ज्या नकाशाने माणसांची जमीन मोजली त्याने डोंगर कोरा सोडला होता. दोन नकाशांच्या मधल्या फटीत ही माणसे सापडली. साऱ्याच्या वहीत नाव नाही म्हणून हक्क नाही, आणि हक्क नाही म्हणून उद्यानाच्या हद्दीत ती अतिक्रमक. रान वाचले याचा आनंद मानताना त्याची ही किंमत कुणी भरली हेही त्याच वहीत लिहायला हवे. शिवाय हे सर्व तपासायचे तर नागरिकाच्या हाती नकाशा असायला हवा, आणि तोच नव्हता. किनारपट्टी आणि सीमा यांलगतच्या पट्ट्याचे तपशीलवार पत्रक दशकानुदशके सुरक्षेच्या कारणाने बंदिस्त होते. कांदिवलीकराला त्याच्या खिडकीतून दिसणाऱ्या डोंगराच्या समोच्चरेषा सहज पाहता येत नव्हत्या. 2005 च्या नकाशा धोरणाने आणि 2021 च्या फेब्रुवारीतल्या नव्या नियमांनी दार बरेचसे उघडले, तोवर पश्चिमेचा उतार जवळजवळ भरून गेला होता.

भरलेल्या या उताराचे व्यवहार अजूनही सपाट नकाशावर चालतात. सातबारा, सिटी सर्व्हेचा उतारा, झोपडपट्टी पुनर्वसनाचा आराखडा यांत जमिनीची लांबी-रुंदी असते, चढ नसतो. उद्यानाची हद्दही सर्व्हे नंबरांच्या कडेने जाते आणि तिच्यावरची संरक्षक भिंत त्याच कडेने. दांडावरून उतरणाऱ्या पाण्याला सर्व्हे नंबर माहीत नसतात. ते भिंतीपाशी येऊन थांबते, साठते आणि वाट शोधते. कांदिवलीच्या शेजारी मालाड पूर्वेला, डोंगरउतारावरच्या पालिकेच्या जलाशयाची कुंपणभिंत 2019 च्या जुलैच्या पहिल्या रात्री मुसळधार पावसात कोसळली आणि खालच्या पिंपरीपाड्यातल्या आणि आंबेडकरनगरातल्या झोपड्यांवर आली. तीसच्या आसपास माणसे गेली. जलाशय शहराला पाणी देण्यासाठी बांधलेला होता. झोपड्या दांडाच्या त्या बाजूला होत्या, जिथल्या पावसाचा हिशेब दीडशे वर्षांत कुणी ठेवला नव्हता. दांडाच्या पलीकडे, 12 जुलैला, तुळशी 139.17 मीटरवर भरून वाहू लागला आणि दुसऱ्या दिवशी ती चौकट वर्तमानपत्रांत आली.